जुनी बेस गिटार विकताय? काढलेले भाग टाकू नका

नवरात्र जवळ आली की आपल्या वडोदऱ्यात गरब्याच्या ऑर्केस्ट्रावाल्यांना बेस गिटार हवी असते. पण त्यांना रात्रभर बिनतक्रार वाजणारं वाद्य पाहिजे. जुनेपणाचे पैसे मोजणारा संग्राहक वेगळा. तो येतो तोच स्क्रूड्रायव्हर घेऊन. म्हणून जुन्या अमेरिकन बनावटीच्या गिटारचे आतले फोटो तुम्हीच आधी काढून ठेवा. व्हॉल्यूमच्या पॉटवर, म्हणजे बटणाखालच्या आवाज कमीजास्त करणाऱ्या भागावर, आकडे ठोकलेले असतात. समजा 1376622 दिसलं, तर 137 म्हणजे सीटीएस कंपनी, 66 म्हणजे 1966 साल आणि 22 म्हणजे त्या वर्षाचा बाविसावा आठवडा. गिटार त्यानंतर जोडलेली, कधीकधी बऱ्याच महिन्यांनी, कारण पॉट साठ्यात पडून असायचे. तिथलं मूळ सोल्डर (डाख) शाबूत असेल तर कृपा करून त्याला हात लावू नका, भाग मूळचेच असल्याचा तो मोठा पुरावा आहे.

काढलेला ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो भाग), गंजलेले स्क्रू, बंद पडलेला पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) मी बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठी लावून ठेवतो आणि गिटारसोबतच देतो. रंग नव्याने मारला असेल तर फोनवरच सांगा. किंमत बरीच उतरते, पण लपवणं चूकच.

एक पावसाळ्यातलं. दमट हवेत नेक, म्हणजे गिटारची लांब मान, वाकते. गिऱ्हाईक येण्याच्या आदल्या दिवशी तारा सुरात लावा, सगळ्यात जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दाबा. सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटच्या मधून व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे.