लाकडी फळीवर संत रंगवायचाय? न्यू मेक्सिकोचा रेताब्लो करून बघा

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत लाकडी फळीवर संतांची चित्रं काढायची जुनी पद्धत आहे, चित्राला रेताब्लो म्हणतात आणि काढणाऱ्याला सान्तेरो. स्पॅनिश राजवटीत हा भाग इतका आडबाजूला होता की बाहेरून चित्रं-मूर्ती फार कमी पोचायच्या, मग तिथल्याच लोकांनी पाइनची फळी, जवळपासचं जिप्सम, माती आणि झाडाची राळ घेऊन आपले संत रंगवले. पेद्रो अँतोनियो फ्रेस्किस (१७४९-१८३१), मोलेनो, होसे राफाएल आरागोन ही त्यातली मोठी नावं. मला या चित्रांचं वेड फार जुनं आहे आणि अजून मन भरत नाही, कारण संत तेच असतात पण प्रत्येक हाताचा वेगळा दिसतो.

पहिल्यांदा करताय तर सान इसिद्रो घ्या. हा माद्रिदकडचा शेतकरी संत, मालकाकडे चुगली गेली की हा नांगर सोडून प्रार्थना करत बसतो, मालक बघायला आला तर देवदूत नांगर धरून उभा! आपल्या जनाबाईला विठोबा दळू लागला ना, अगदी तोच भाव. न्यू मेक्सिकोत १५ मेला त्याची मूर्ती शेतातून मिरवतात. चित्रात हॅट, कोट, बैलजोडी आणि देवदूत एवढं पाहिजेच, संत ओळखायचा तो चेहऱ्यावरून नाही, या खुणांवरून. संत मोठा काढायचा, बैल आणि देवदूत त्याच्या गुडघ्याएवढे, पर्स्पेक्टिव्हच्या मागे लागूच नका.

आता फळी, आणि खरं सांगायचं तर अर्धं काम इथेच आहे. सुकलेलं पाइनवुड, गाठी नसलेलं. सुताराकडे मिळतो तो सरस १० ग्रॅम घ्या, १२५-१५० मिली पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवा, उकळू मात्र द्यायचा नाही, उकळला की चिकटपणा जातो. आधी नुसत्या सरसाचा एक हात पुढून-मागून द्या, एकाच बाजूला दिला तर फळी वाकते. मग उरलेल्या कोमट सरसात खडूची पावडर टाकत जा, पातळ दह्याइतकं होईपर्यंत, आणि हळू ढवळा नाहीतर बुडबुडे येतात आणि सुकल्यावर पांढऱ्यात बारीक भोकं दिसतात. सहा-सात पातळ हात, एक आडवा एक उभा, शेवटी बारीक पॉलिश पेपर. बोट फिरवल्यावर गुळगुळीत लागलं पाहिजे, इथे घाई केलीत तर पुढे रेघ फुटणारच.

रंगांना काव, पिवळी माती, काजळी आणि नीळ पुरे (कपड्यांची नाही, झाडापासूनची). तिकडे लाल रंग निवडुंगावरच्या किड्यांपासूनही करायचे, पण सुरुवातीला कावेनेच भागवा. बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात रंग घोटा, मोठे सपाट भाग आधी भरा आणि काळी रेघ सगळ्यात शेवटी, एका दमात, थांबत थांबत काढलेली रेघ लगेच कळते. डोळे मोठे, नाक सरळ, सावली नको. कोटावर नक्षी हवी असेल तर फ्रेस्किसची युक्ती वापरा, रंग ओला असतानाच काडीने ओरखडायचं, खालचा पांढरा वर येतो, फार सुंदर दिसतं.

दोन दिवस सुकू द्या, मग वार्निश. तिकडचे सान्तेरो पिन्योन पाइनची राळ अल्कोहोलमध्ये विरघळवायचे, आपण चपडा लाख स्पिरिटमध्ये. पाण्याचं वार्निश अजिबात नको, डिंकाचा रंग उचलला जातो. खिडकी उघडी, गॅस बंद, ब्रश एकदाच फिरवायचा, परत त्याच जागी गेलात की डाग पडतो. लाखेने रंग थोडे पिवळसर होतात, होऊ द्या, जुन्या फळ्यांचा उबदारपणा त्यातूनच येतो. टांगायला वरच्या कडेला भोक पाडून चामड्याची पट्टी ओवा, पण भोक सरस लावायच्या आधीच पाडून ठेवा, नंतर ड्रिल लावलं तर पांढऱ्याचे टवके उडतात.