एनडी फिल्टर घेताना: आधी ६ स्टॉपचाच घ्या

पावसाळ्यात तोरणमाळच्या सीताखाईला किंवा पाटणादेवीच्या केदारकुंडावर धबधब्याचे फोटो काढायचे असतील, तर पहिला एनडी फिल्टर (लेन्ससमोर लावायची, प्रकाश कमी करणारी गडद काच) ६ स्टॉपचा, म्हणजे एनडी ६४ घ्या. दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो, म्हणून ६ स्टॉपला चौसष्टावा भाग उरतो. बरेच जण थेट १० स्टॉपचा, म्हणजे एनडी १००० घेतात आणि तो बॅगेतच पडून राहतो.

हिशोब करून बघा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचं छिद्र एफ/११ ठेवलं, तर ढगाळ दिवशी शटर साधारण १/५० सेकंद उघडं राहतं. एनडी ८ लावला तर १/६, पाणी जेमतेम मऊ होतं. एनडी ६४ लावला की सव्वा सेकंदाच्या आसपास. धार रेशमासारखी दिसते, तरी तिचा पोत शिल्लक राहतो. एनडी १००० ला तेच २० सेकंद, आणि पाण्याचा नुसता पांढरा पट्टा! तो ठेवा चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमासाठी, तिथे पाण्याचा विस्तीर्ण पट्टा गुळगुळीत करायचा असतो.

व्हेरिएबल एनडी, म्हणजे फिरवून गडदपणा कमी-जास्त करता येणारा, व्हिडिओला उत्तम. पण वाइड लेन्सवर जास्त फिरवला की आकाशात काळपट फुली उमटते, म्हणून निसर्गचित्रांना फिक्स्डच बरा.

फिल्टरचं माप तुमच्या सगळ्यात मोठ्या लेन्सचं घ्या, लहान लेन्सना स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर लहान लेन्सवर बसवणारी कडी) लावा. काच स्वस्तातली नको. तिने हिरव्या डोंगरावर तपकिरी झाक येते. आणि १० स्टॉपचा लावण्याआधी फोकस करून लेन्स मॅन्युअलवर टाका, नंतर अंधारात कॅमेरा चाचपडत बसतो.