सेल्बूचे हातमोजे विणताना या चुका टाळा

नॉर्वेत ट्रॉनहाइमजवळ सेल्बू नावाचं गाव आहे. तिथल्या मारित एमस्टाड हिने १८५७ मध्ये काळ्या-पांढऱ्या लोकरीत आठ पाकळ्यांच्या फुलाचे हातमोजे विणले, आणि ते फूल गावाची ओळख झालं. आज गावाच्या बोधचिन्हावरही तशी तीन फुलं आहेत. अंगठा वेगळा आणि चारही बोटं एकत्र अशी या मोज्यांची घडण असते. बोटं एकमेकांना ऊब देतात, शिवाय दोन रंगांचे धागे बरोबर चालल्यामुळे कापड दुहेरी होतं. नवख्या हातांच्या बहुतेक चुका मोज्याच्या आतल्या बाजूला होतात. बाहेरून दिसतो तो फक्त परिणाम.

लोकर निवडताना

आपल्याकडे दुकानात 'लोकर' म्हणून जे मिळतं ते बरेचदा अ‍ॅक्रिलिक असतं. स्वेटरला ते चालून जातं, या मोज्यांना नाही. खऱ्या लोकरीचे तंतू एकमेकांना धरून ठेवतात आणि धुतल्यावर टाके सारखे बसतात. लेबलावर १०० टक्के वूल लिहिलेलं पाहा. शंका असेल तर धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळा. खऱ्या लोकरीला जळत्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. बायकांच्या मापाच्या जोडीला प्रत्येक रंगाची ५० ग्रॅम बारीक लोकर पुरते. काळी लोकर ओली करून पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवा. फडक्याला रंग लागला, तर ती लोकर पांढऱ्याबरोबर वापरू नका.

माप चुकतं ते इथे

हिशेब सोपा आहे. १० सें.मी.मध्ये ३० टाके बसत असतील तर ६० टाक्यांचा घेर २० सें.मी. होतो. त्याच ६० टाक्यांत हात सैल पडून १० सें.मी.ला २६ च टाके बसले, तर घेर २३ सें.मी. होतो आणि मोजा हातातून निसटतो. म्हणून नमुना विणून पाहायचा, आणि तोही गोल, दोन्ही रंगांत. सपाट नमुन्यात एक ओळ उलट विणावी लागते. उलट टाक्याचा ताण वेगळा असल्यामुळे ते माप फसवतं. दुरंगी कापड ताणलं जात नाही, तेव्हा तळव्याच्या घेरापेक्षा १ ते २ सें.मी. जास्त धरा.

मनगटाला २ मिमीच्या चार सुयांवर वाटून ५६ टाके, दोन सुलट दोन उलट (ही रिब). टाके घालताना मात्र एक नंबर जाड सुई घ्या, नाहीतर काठ हातावरून चढतच नाही. गोल जोडण्याआधी सगळ्या टाक्यांची कड आतल्या बाजूला आहे ना, हे बघा. इथे पीळ राहिला तर उसवण्याशिवाय मार्ग नाही. रिब संपली की चार टाके वाढवून ६० करा आणि २.५ मिमीच्या सुयांवर जा.

मागचा धागा आवळणं

सगळ्यात जास्त मोजे यानेच वाया जातात. पुढे पांढरे टाके विणताना काळा धागा मागून चालत असतो. तो ओढून धरला की फूल आक्रसतं आणि बोटं आत शिरत नाहीत. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरा, मगच पुढचा टाका घ्या. धागा ५ टाक्यांपेक्षा लांब जात असेल तर मध्ये एकदा दुसऱ्या धाग्यात अडकवा, नाहीतर घालताना बोट त्यातच अडकतं. लागोपाठच्या फेऱ्यांत एकाच जागी मात्र अडकवू नका. तिथे काळ्याची रेघ पांढऱ्यातून डोकावते.

दोन धाग्यांच्या जागाही ठरलेल्या हव्यात. खालून येणारा धागा टाक्यापर्यंत थोडा लांब पोचतो, त्यामुळे त्याचा टाका किंचित मोठा होतो आणि तो रंग उठून दिसतो. काळा कायम खाली, पांढरा वर. मध्येच अदलाबदल झाली तर अर्धं फूल ठसठशीत आणि अर्धं फिकं दिसतं. नमुना बरोबर असूनही असं का झालं, हे मग कळत नाही.

सुयांच्या सांध्यावर शिडीसारखी फट दिसते का? नव्या सुईवरचा पहिला टाका नेहमीसारखा विणा, ओढायचा तो दुसरा.

अंगठा

पहिल्या दोन सुया हाताच्या पाठीच्या, पुढच्या दोन तळव्याच्या. उजव्या मोज्याचा अंगठा तळव्याच्या सुरुवातीला येतो, डाव्याचा शेवटी. हे विसरलं की एकाच हाताचे दोन मोजे होतात.

तीन टाक्यांपासून सुरुवात करून दर तिसऱ्या फेरीत दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवा. सात वेळा वाढवल्यावर १७ होतात. ते वेगळ्या धाग्यावर ठेवा आणि त्या जागी तीन नवे टाके घाला, म्हणजे हाताचे पुन्हा ६०. अंगठा विणताना ते तीन उचलताच, पण दोन्ही कोपऱ्यांतही एकेक टाका पिळून उचला, नाहीतर तिथे भोक पडतं. २२ टाके झाले. पुढच्या फेरीत कोपऱ्यातले टाके शेजारच्यांबरोबर एकत्र विणून २० करा.

टोक

करंगळी झाकली गेली की टाके घटवायला लागा. प्रत्येक फेरीत चार घटवले तर १३ फेऱ्यांत ८ टाके उरतात. त्यांतून धागा ओवून आवळा. प्रत्येक बाजूच्या सुरुवातीला डावीकडे झुकणारी घट (दोन टाके मागच्या बाजूने एकत्र सुलट), शेवटी दोन टाके एकत्र सुलट. उलटसुलट झालं तर कडेची पट्टी वाकडी चालते.

विणून झाल्यावर मोजे कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा. चोळू नका, पिळूही नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट जागी सावलीत वाळवा. भिजल्यावर धागे एकमेकांत बसतात आणि किरकोळ असमान टाके बरेचसे सारखे होतात.