धुऱ्यावरचा पळस : फाल्गुन ते मृग या काळातील काढणी, वाळवण आणि राखण

हरभरा निघाला, गहू सोंगून झाला की नागपूर जिल्ह्यातील उमरेड, कुही, हिंगणा, रामटेक या भागांतील शिवारात डोळ्यांत भरतो तो पानगळ झालेला, फुलांनी लालभडक झालेला पळस. नेमक्या याच दिवसांत पऱ्हाटी आणि धसकटे पेटवताना धुराही (शेताचा बांध) जाळला जातो, किंवा जेसीबी लावून पळसाची खोडे उपटली जातात. यंदा तसे करण्यापूर्वी शेतकऱ्यांनी आपल्या धुऱ्यावरील पळसाची झाडे एकदा मोजून घ्यावीत, असे आम्ही सुचवतो. कारण फुले, गोंद, बी आणि लाख ही चारही उत्पादने एकाच झाडावरून एकाच वर्षी चांगली मिळत नाहीत, त्यामुळे कोणते झाड कशासाठी राखायचे हे आताच ठरवावे लागते.

फुलांसाठी राखलेल्या झाडांखाली सकाळी लवकर जुने धोतर किंवा साडी अंथरावी आणि आपोआप गळलेली फुले ऊन चढण्यापूर्वी वेचावीत. फांद्या झोडपून काढलेल्या फुलांत मखमली, काळपट देठकोशाचे आणि अपक्व कळ्यांचे प्रमाण वाढते व मालाची प्रत उतरते. फुले सावलीत, हवेशीर जागी, एकावर एक न येतील इतकी पातळ पसरावीत. कडक उन्हात त्यांचा केशरी रंग विटून तपकिरी होतो. पाकळी बोटांत चुरली जाऊ लागली म्हणजे वाळवण पुरी झाली. एका हंगामात आम्ही अर्धवट वाळलेली फुले घाईने प्लास्टिकच्या पोत्यांत भरली, आठवड्याने पोते उघडले तेव्हा आत पांढरी बुरशी आणि आंबूस वास होता, आणि व्यापाऱ्याने संपूर्ण माल परत केला. तेव्हापासून ताग किंवा सुती पोत्याखेरीज दुसरे काही वापरत नाही. होळीच्या रंगासाठी हीच फुले रात्रभर पाण्यात भिजवतात. आयुर्वेदात ती थंड आणि मूत्रल मानली जातात.

सगळी फुले मात्र वेचू नयेत. मार्चमध्ये रान उघडे पडलेले असते, तेव्हा शिंजीर, मैना, बुलबुल, कोतवाल यांना आणि मधमाश्यांना मकरंद पुरवणारी झाडे शिवारात फार थोडी असतात. पळसाच्या फुलाला वास नाही; रंग आणि मुबलक मकरंद यांवरच ते पक्ष्यांना ओढते, आणि चोचीने कळीसारखी वाकडी पाकळी दाबली गेली की पक्ष्याच्या गळ्याला परागकण लागतात. ज्यांच्या शेतात फळझाडे किंवा भाजीपाला आहे त्यांनी परागीभवन करणारे हे पाहुणे टिकवण्यासाठी निदान काही झाडे पूर्ण मोकळी सोडावीत.

गोंदाची गोष्ट वेगळी आहे. सालीला इजा झाली की माणकासारखा लाल रस थेंबाथेंबाने बाहेर येतो आणि वाळून ठिसूळ, काळपट होतो. यालाच बाजारात कमरकस म्हणतात. त्यात टॅनिन भरपूर असल्यामुळे तो स्तंभक आहे आणि अतिसारावर परंपरेने दिला जातो. लोभाने खोडाला गोलाकार खाचा मारू नयेत, त्याने झाड वाळते. उथळ, उभ्या आणि एकमेकींपासून लांब खाचा पुरेशा होतात. गोळा केलेल्या खड्यांना चिकटलेली साल व माती तिथल्या तिथे काढावी.

एप्रिल-मे मध्ये चपट्या शेंगा पिकतात. शेंग हातात घेऊन पाहिली तर तिच्या खालच्या टोकाला एकच बी असते आणि उरलेला भाग पातळ, कागदासारखा पंख असतो. म्हणून ती गरगरत दूर जाऊन पडते. हीच पळसपापडी. जंतांवर, विशेषतः गोलकृमींवर, तिचा गुण जुना आणि मान्य आहे. त्यातील पलासोनिन हे द्रव्य कृमींवर काम करते. लिंबाच्या रसात वाटून खाजेवर लावण्याची रीतही आहे, पण त्याने कातडी लाल होते आणि नाजूक त्वचेला फोडही येऊ शकतात. पोटात घेण्याच्या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे : मात्रा चुकली तर मळमळ, उलट्या आणि पोटदुखी होते, म्हणून वैद्याच्या सल्ल्याशिवाय घरच्या लेकरांना पळसपापडी देऊ नये, आणि गरोदर स्त्रीला तर मुळीच देऊ नये. बी विकायचे असेल तर शेंगा जमिनीवर पडून ओलसर होण्यापूर्वीच वेचून, सोलून, सावलीत वाळवाव्यात. किडके आणि सुरकुतलेले बी वेगळे काढावे.

लाखेचा, म्हणजे फांद्यांवरच्या लाखकिड्यांपासून मिळणाऱ्या राळेचा, विचार करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की पळसावर रंगिणी जातीची लाख येते. बैसाखी (उन्हाळी) पिकासाठी छाटणी एप्रिल-मे मध्ये करून ऑक्टोबरमध्ये बीजलाख (जिवंत लाखकिडे असलेल्या काड्या) बांधतात. कतकी (पावसाळी) पिकासाठी छाटणी फेब्रुवारीतच व्हायला हवी आणि बीजलाख जुलैत चढवतात. बोटाएवढ्या बारीक फांद्या छाटाव्यात, जाड फांद्यांना हात लावू नये. नागपूरचा पारा मे महिन्यात 45 अंशांपर्यंत आणि कधी त्यापलीकडेही जातो, अशा उन्हात बैसाखीचे किडे मोठ्या संख्येने मरतात, म्हणून पहिल्या वर्षी विहिरीच्या किंवा नाल्याच्या कडेच्या पाच-सहा झाडांवरच प्रयोग करावा. राष्ट्रीय पातळीवर लाखेचे संशोधन 1924 पासून रांची येथे चालू आहे, आणि बीजलाख घेताना तिथल्या शिफारशींनुसार ती लाखकिड्यांच्या शत्रुकिडींपासून मुक्त असल्याची खात्री करून घ्यावी.

नवी लागवड करायची असेल तर रोहिणीत वेचलेले ताजे बी मृगाचा पाऊस पडताच थेट जागेवर टोकावे. या बियांची उगवणक्षमता लवकर घटते, आणि मूळ खोल जात असल्याने पिशवीतील रोप हलवताना बिघडते. खारवट, चोपण किंवा पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीवर जिथे दुसरे झाड धरत नाही तिथे पळस तग धरतो, मुळांवरून फुटवेही फुटतात. शेळ्यांचा फारसा त्रास नसला तरी म्हशी पाला खातात, म्हणून पहिली दोन वर्षे काटेरी कुंपण लागते. त्यापेक्षा मोठा धोका धुऱ्यावरच्या आगीचा : जाणते झाड आग सोसते, पण कोवळी रोपे आणि झाडाखालच्या सुक्या शेंगा जळतात. धसकटे पेटवायचीच असतील तर आधी धुऱ्यालगत दोन वखरपाळ्या देऊन माती उघडी करावी.

वनजमिनीवरील पळसाचे उत्पादन घ्यायचे असल्यास वनहक्क कायदा 2006 अन्वये ग्रामसभेला गौण वनोपजावर हक्क आहेत, त्यामुळे तेथे व्यक्तिगत वेचणीपूर्वी ग्रामसभेत ठराव करून घ्यावा. पोळ्याला दाराशी लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी 'जा गे मारबत' (पीडा घेऊन जा) म्हणत शिवारात नेऊन टाकायच्या डहाळ्या मात्र फुले-बियांसाठी राखलेल्या झाडांवरून तोडू नयेत; त्यासाठी बुंध्याजवळचे फुटवे आणि मुळांवरचे धुमारे पुरतात, आणि ते काढल्याने झाडाचेही काही बिघडत नाही.