राखीव डोह खरंच काम करतो का? तापीकाठी मोजमाप कसं करायचं

तापीकाठच्या गावाने एखाद्या डोहात मासेमारी बंद ठेवली आणि दोन वर्षांनी मासे वाढले, तर श्रेय कुणाचं? बंदीचं, चांगल्या पावसाचं, की मच्छीमार संस्थेने सोडलेल्या बोटुकलीचं (बोटभर लांबीच्या पिल्लांचं)? बंदी नसती तर त्याच डोहात आज किती मासे असते, याचा अंदाज आल्याशिवाय उत्तर मिळत नाही. १९८७ साली जाहीर झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यालाही हाच प्रश्न विचारावा लागतो. खानदेशाला किनारा नाही, पण समुद्रात वापरली जाणारी पद्धत नदीलाही लागू पडते.

सगळ्यात आधी तुलनेचे डोह ठरवा. एक पुरत नाही, किमान दोन हवेत. उन्हाळ्यातली खोली, तळ (खडकाळ की गाळाचा), गावापासूनचं अंतर आणि मासेमारीचा जोर राखीव डोहासारखाच असावा. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा अशा बॅरेजच्या एका अंगाला राखीव डोह आणि दुसऱ्या अंगाला तुलनेचा, असं करू नका. बांध आडवा आला की माशांची ये-जा आणि पाण्याची पातळी दोन्ही बदलतात. तुलनेचा डोह अगदी लगतचाही नको, कारण राखीव डोहातले मासे तिकडे सरकतात आणि तिथून उठलेले मासेमारही तिकडेच जातात. मासे सरकले तर बंदीचा परिणाम झाकला जातो; मासेमार वाढले तर तिथली पकड घटते आणि काही न करता आपला डोह यशस्वी दिसू लागतो.

मोजणी बंदीच्या आधी सुरू करा, शक्य असेल तर पूर्ण एक वर्ष आधी. हे राहून गेलं की नंतर भरून काढता येत नाही.

राखीव पाण्यात गिल जाळं (माशाचे कल्ले अडकवणारं) लावू नका, त्यात अडकलेला मासा बहुधा मरतो. फेकजाळं बरं. पट्ट्याचा मासेमारी ठेका ज्या संस्थेकडे आहे तिची संमती घ्या. प्रत्येक डोहात चार जागा, प्रत्येक जागी दहा फेकी, म्हणजे चाळीस. हेच लागोपाठ तीन दिवस. जाळं तेच, आस (जाळ्याच्या भोकाचा आकार) तीच, फेकणारा तोच, वेळ सकाळचीच. रिकामी फेकही वहीत लिहा. ती गाळली की सरासरी फुगते. मासा ओल्या हाताने धरा, जात आणि लांबी टिपा, लगेच सोडा.

लांबीचा रकाना कंटाळ्याने सोडला जातो, पण सर्वांत जास्त तोच सांगतो. बंदीचा परिणाम बऱ्याचदा संख्येच्या आधी आकारात दिसतो, आणि मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी जास्त अंडी देते.

आता इथली खास फसगत. मे महिन्यात नदीची धार तुटते, मासे उरलेल्या डोहांत दाटतात आणि दर फेकीला पकड वाढते. ते संरक्षणाचं फळ नव्हे. म्हणून दर मोजणीला वजन बांधलेल्या दोरीने खोली मोजा आणि मेची तुलना मेशीच करा. पावसाळ्यात हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की खालच्या पट्ट्यात मोजणीला अर्थ नाही. पाणी निवळल्यावर, साधारण नोव्हेंबरात, दुसरी फेरी घ्या.

दुसरी फसगत मत्स्यबीजाची. रोहू, कटला, मृगळ वाढले तर कुणी, कधी, किती बीज सोडलं ते आधी पाहा. निकाल द्यायचा तो न सोडलेल्या जातींवर: वाम, मरळ, शिंघाळा.

हिशोब सोपा आहे. समजा, बंदीआधी राखीव डोहात चाळीस फेकींत ४८ मासे आणि तुलनेच्या डोहात ४०. तीन वर्षांनी राखीव डोहात १२०, तुलनेच्या डोहात ८०. राखीव डोह अडीचपट झाला, पण बंदी नसलेलाही दुप्पट झालाच. अडीचला दोनने भागा: सव्वापट. म्हणजे बंदीच्या नावावर साधारण २५ टक्के वाढ. ‘अडीचपट’ असा फलक लावणं गावाची दिशाभूल ठरेल. आणि दोन तुलनेच्या डोहांतच एकमेकांत एवढा फरक पडत असेल, तर तो २५ टक्क्यांचा दावाही करू नका.

राखणीची वही वेगळी ठेवा: गस्तीची तारीख, वेळ, सापडलेली जाळी, झिलेटीन (स्फोटक), विजेचा शॉक किंवा विषाच्या खुणा. रात्रीच्या फेऱ्या हव्यातच. ही वही नसेल तर मासे न वाढण्याचं कारण कळणार नाही: जागा चुकली की बंदी कागदावरच राहिली? जगभरातल्या ८७ सागरी संरक्षित क्षेत्रांच्या २०१४ मधल्या अभ्यासात पाच गोष्टी निर्णायक ठरल्या: संपूर्ण मासेमारीबंदी, चोख राखण, दहा वर्षांहून अधिक वय, मोठं क्षेत्र आणि खोल पाण्याने किंवा वाळूने वेगळं पडलेलं ठिकाण. बहुतेक क्षेत्रांत यांतल्या एक-दोनच होत्या. आपला डोह लहानच राहणार. त्यामुळे राखणीत ढिलाई परवडत नाही आणि दुसऱ्या वर्षी निकाल मागण्यातही अर्थ नाही.

शेवटी हद्दीबाहेरची पकड. डोहापासून २०० मीटर, एक किलोमीटर आणि तीन किलोमीटरवर जाळं टाकणाऱ्या भोई-कोळी बांधवांकडून रोजची पकड आणि जाळं पाण्यात राहिलेले तास लिहून घ्या. हद्दीजवळ तासामागे पकड जास्त आणि दूर जाताना कमी होत असेल, शिवाय बंदीआधी असा उतार नसेल, तर मासे बाहेर सरकत असल्याची ती चांगली खूण. ज्यांची हक्काची जागा बंदीत गेली त्यांची मिळकत त्याच वहीत वेगळ्या पानावर लिहा आणि दर मोजणीनंतर ते पान ग्रामसभेत वाचून दाखवा.