सिरॉसिस आणि फुफ्फुसांतला वाढलेला दाब : या चुका टाळा

सिरॉसिसच्या (यकृत कडक होऊन निकामी होत जाण्याच्या आजाराच्या) रुग्णाला जिना चढताना धाप लागली की घरचे म्हणतात, "पोटात पाणी झालंय ना, म्हणून." बरेचदा ते खरंही असतं. पण पाणी काढूनही धाप कमी झाली नाही, चालताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर इको (हृदयाची सोनोग्राफी) कराच. पोर्टल शिरेसोबत (आतड्यांतलं रक्त यकृताकडे नेणारी शीर) फुफ्फुसांच्या धमन्यांतही दाब वाढतो, तेव्हा हृदयाची उजवी बाजू थकते.

मात्र नुसत्या इकोवर औषध सुरू करणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. सिरॉसिसमध्ये हृदय मुळातच जास्त रक्त फेकतं, शिवाय अंगात पाणी साठलेलं असतं, आणि त्यानेही दाब वाढलेला दिसतो. निदान उजव्या हृदयाच्या कॅथेटर तपासणीनेच (शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन) होतं: फुफ्फुसांच्या धमन्यांतला सरासरी दाब 20 mmHg च्या वर, वेज प्रेशर (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दाबाचा अंदाज) 15 किंवा कमी, आणि रोध (रक्ताला धमन्यांत होणारा अडथळा) 2 वुड युनिटपेक्षा (तो मोजायचं एकक) जास्त. समजा, सरासरी 36, वेज 24 आणि हृदय मिनिटाला 8 लिटर रक्त फेकतंय. 36 वजा 24, भागिले 8, म्हणजे रोध फक्त 1.5. दाब मोठा, पण धमन्या ठीक. इथे आधी साठलेलं पाणी उतरवायचं.

आजार पक्का आणि तीव्र असेल तर प्रोप्रॅनोलॉल, कार्व्हेडिलॉल या ठोके मंद करणाऱ्या गोळ्या नडतात, कारण थकलेलं उजवं हृदय ठोक्यांचा वेग वाढवूनच तग धरतं. तरी स्वतःहून बंद करू नका. या गोळ्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून असतात. त्याऐवजी बँडिंगची (दुर्बिणीतून त्या शिरांना रबर बँड लावण्याची) सोय डॉक्टरांनीच करायची. टिप्स (यकृतात नळी बसवून पोर्टल शिरेतलं रक्त थेट हृदयाकडे वळवणं) तर तीव्र आजारात टाळावीच, एकदम वाढलेलं रक्त हृदयाला झेपत नाही.

फुफ्फुसांच्या धमन्या सैल करणारं सिल्डेनाफिल (साधारण 20 मिग्रॅ, दिवसातून तीनदा) चालू असताना छातीत दुखलं म्हणून घरातली सॉर्बिट्रेट (छातीदुखीवरची नायट्रेट गोळी) जिभेखाली कधीच ठेवू नका. बीपी धोकादायक खाली येतं. याच आजारावरचं दुसरं औषध बोसेंटान यकृतालाच त्रास देऊ शकतं.

"यकृत प्रत्यारोपण झालं की सगळं ठीक होईल" हेही धरून चालू नका. सरासरी दाब 50 च्या पुढे असेल तर शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत. आधी औषधांनी तो 35 च्या खाली आणावा लागतो.

इंदूरच्या घरात पथ्य मोडतं ते सकाळच्या पोह्यांवर. दिवसभराचं मीठ 5 ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा, आणि वरची शेव, जिरावण त्यातच धरायचं. "लो सोडियम" मिठात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम वाढवणारी लघवीची गोळी) चालू असेल तर ते नको. सैंधवही शेवटी मीठच. रोज सकाळी, लघवीनंतर, त्याच काट्यावर वजन करा: पायांना सूज नसताना दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरलं, तर लघवीच्या गोळ्यांचा डोस त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.