जैवविविधता कायदा संशोधकांना शिकवताना या चुका टाळा

जनुकीय संसाधनांची उपलब्धता आणि लाभवाटप, म्हणजे वनस्पती-सूक्ष्मजीवांचे नमुने कोणी कसे घ्यायचे आणि त्यातून होणारा फायदा कसा वाटायचा, या विषयावरची कार्यशाळा अनेकदा याच विषयावरच्या आंतरराष्ट्रीय नागोया कराराच्या स्लाइडने सुरू होते आणि कलमांच्या यादीवर संपते. प्रमाणपत्रं वाटली जातात. नमुना कुरिअरला द्यायची वेळ येते तेव्हा मात्र त्यातलं काहीच उपयोगी पडत नाही.

सुरुवात वनस्पतीपासून करणे

"ही वनस्पती दुर्मिळ नाही, मग परवानगी कशाला?" हा प्रश्न हमखास येतो. जैवविविधता कायदा, 2002 आधी विचारतो ते नमुना कोण घेतंय आणि कशासाठी. कलम 3 नुसार परदेशी नागरिक, परदेशात नोंदलेल्या संस्था, परदेशी नियंत्रणाखालच्या कंपन्या आणि अनिवासी भारतीय यांना चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. अनिवासी कोण, हे आयकर कायद्यातल्या व्याख्येवरून ठरतं. त्यामुळे जर्मनीत पीएचडी करणारी साताऱ्याची विद्यार्थिनी सुट्टीत येऊन सह्याद्रीतले नमुने नेणार असेल, तर भारतीय पासपोर्ट असूनही ती या कलमात येऊ शकते. इथपासून शिकवायला घेतलं तर पुढची कलमं डोक्यात बसतात.

कलमं पाठ करून घेणे

त्याऐवजी चार-पाच जणांचे गट करा, एकच प्रकरण द्या आणि निदान पाऊण तास त्यावर घालवा. उदाहरणार्थ, पुण्यातल्या एका कॉलेजने ताम्हिणीच्या मातीतून एक जिवाणू वेगळा केला आणि परदेशातल्या प्राध्यापकांनी त्याचं कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेला जिवंत नमुना) मागितलं.

बहुतेक गट "माती तर आहे" म्हणून सुटका करून घेतात. पण सूक्ष्मजीव हे जैविक संसाधनच आहे. शिवाय ताम्हिणी अभयारण्य आहे, म्हणजे वन्यजीव संरक्षण कायद्याखालची वन विभागाची परवानगी वेगळी. मग विचारा: नेमकं काय चाललंय? जिवंत कल्चर, डीएनए, की फक्त निष्कर्ष? मोबदला घेऊन किंवा न घेता निष्कर्ष परदेशी व्यक्तीला द्यायचे असतील तर कलम 4 लागतं. कलम 5 ची सूट भारतीय आणि परदेशी संस्थांमधल्या, केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसणाऱ्या आणि मंजूर झालेल्या सहकार्य प्रकल्पांना आहे. दोन प्राध्यापकांची ईमेलवरची ओळख म्हणजे सहकार्य प्रकल्प नव्हे.

गटाचं उत्तर आलं की प्रकरण पुढे न्या: त्या जिवाणूत प्रतिजैविक सापडलं, पेटंट घ्यायचंय. इथे जवळपास सगळे अडखळतात, कारण पहिली परवानगी शेवटपर्यंत चालते असं गृहीत धरलेलं असतं. संशोधनासाठीची परवानगी पेटंटला किंवा धंद्याला चालत नाही. भारतीय संस्थेला पेटंट मंजूर होण्याआधी प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते आणि उत्पादन बाजारात आणताना परवानगी. परदेशी संस्थेला पेटंट मंजूर होण्याआधीच परवानगी.

जुन्या स्लाइड वापरणे

2023 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2024 पासून लागू आहे. तुरुंगवासाची शिक्षा गेली. आता साधारण 1 लाख ते 50 लाख रुपये दंड आहे. 2004 च्या नियमांची जागा 2024 च्या नियमांनी घेतली, त्यामुळे जुन्या हँडआउटमधले फॉर्मचे क्रमांक तपासल्याशिवाय वाटू नका. लाभवाटपाचे विनियमही 2025 मध्ये नवे आलेत.

सरपंचांच्या पत्रावर थांबणे

ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीशी बोलणं आवश्यकच आहे, विशेषतः गावाचं पारंपरिक ज्ञान घेताना. पण तिचं किंवा सरपंचांचं पत्र म्हणजे प्राधिकरणाची परवानगी नाही, आणि प्राधिकरणाची परवानगी हातात असली म्हणून गावाला न विचारता जाणंही अन्यायाचंच. लोक जैवविविधता नोंदवहीतली (गावातल्या जीवसृष्टीची आणि तिच्याविषयीच्या ज्ञानाची नोंद) वैदूंची माहिती पेपरात जशीच्या तशी उतरवू नये, हेही स्पष्ट सांगा.

फक्त विद्यार्थ्यांना बोलावणे

करारावर सही कुलसचिव करतात, पार्सल स्टोअरमधून जातं, पेटंटचे कागद बौद्धिक संपदा कक्ष पाहतो. हे तिघं वर्गात नसतील तर पार्सल अडवणार कोण? कार्यशाळा प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिण्याच्या आधी घ्या. निधी आल्यावर परवानगीसाठी वेळापत्रकात जागा उरत नाही.

शेवटचा तास प्रयोगशाळेत घ्या. प्रत्येकाने फ्रीझरमधल्या कोणत्याही पाच नळ्या काढायच्या आणि गाव, तालुका, तारीख, गोळा करणारा, परवानगीचा क्रमांक आणि परवानगीतला हेतू एवढं भरायचं. झाकणावर नुसतं 'एस-14' असेल आणि रजिस्टरमध्ये त्याची नोंद सापडत नसेल, तर ती नळी बाजूला ठेवा आणि कागद मिळेपर्यंत बाहेर पाठवू नका.